पालेर्मोचा नॉर्मन राजवाडा: मध्ययुगातली सत्तेची भाषा प्रत्यक्ष वाचायची असेल तर

फीफ, व्हॅसल, इन्व्हेस्टिचर, एक्सकम्युनिकेशन, खलिफा, अमीर, दिवाण, जिझिया. मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्याला हे शब्द टाळता येत नाहीत, आणि केवळ पाठ केले तर ते फार काळ टिकतही नाहीत. ते कोण कोणासाठी वापरत होते आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडत होते हे कळले की मग विसरत नाहीत. त्यासाठी आख्ख्या युरोपात एकच जागा निवडायची झाली तर सिसिलीतल्या पालेर्मोचे नाव आधी घ्यावे लागेल. तिथला नॉर्मन राजवाडा, त्यातले कापेल्ला पालातिना हे राजघराण्याचे चॅपेल, शहरातली दोन-तीन चर्च, ला झिझा हा उन्हाळी महाल आणि डोंगरावरचे मॉनरेआले असा हा दोन दिवसांचा फेरा आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय आत काहीच लागत नाही. सिसिली आधी बायझंटाइन साम्राज्यात, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीकभाषी पूर्व रोमन साम्राज्यात होती. 827 मध्ये आजच्या ट्युनिशियातून अघलबी घराण्याचे सैन्य उतरले. त्याचा सेनापती असद इब्न अल-फुरात हा काझी होता, म्हणजे मूळचा न्यायाधीश आणि धर्मशास्त्री. 831 मध्ये पालेर्मो पडले. पुढे फातिमी खलिफांच्या नावाने कल्बी घराण्याचे अमीर इथे कारभार करू लागले. 1061 मध्ये नॉर्मन आले, 1072 मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती गेले आणि 1091 पर्यंत सगळे बेट. हे नॉर्मन फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेले, मूळचे भाडोत्री लढवय्ये. बेटावर बहुसंख्य प्रजा अरबी आणि ग्रीक बोलणारी, आणि कारभार चालवण्याचा अनुभवही याच लोकांपाशी. त्यामुळे जिंकलेल्या राज्याची दप्तरे, पदव्या, कर, कारागीर, सगळे नव्या राजांनी तसेच उचलले आणि आपल्या कामाला लावले. या काळातल्या नऊ वास्तू 2015 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

आता तिकिटाचे, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. राजवाडा हे नुसते संग्रहालय नाही. 1947 पासून सिसिलीची प्रादेशिक विधानसभा तिथेच भरते. म्हणून मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी शाही दालने साधारणपणे बंद असतात आणि फक्त चॅपेल पाहायला मिळते. शुक्रवार ते सोमवार दोन्ही उघडे असते, तिकीट मात्र महाग पडते. रविवारी सकाळी चॅपेलमध्ये मास, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाविधी असतो, त्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. तेव्हा सरळ शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार धरावा आणि दार उघडताना हजर राहावे. पालेर्मो हे क्रूझ जहाजांचे बंदर आहे. जहाज लागले की सकाळी उशिरापासून चॅपेलमध्ये झुंडी येतात, आणि जागा आहे जेमतेम 33 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. खांदे झाकणारे कपडे हवेत. फ्लॅश चालत नाही. आणि सोबत आठपट मोठे दाखवणारी छोटी दुर्बीण न्याच. ती नसेल तर या चॅपेलचा निम्मा भाग तुम्ही पाहिलाच नाही असे समजा.

चॅपेलमध्ये शिरण्याची घाई करू नका. बाहेर गॅलरीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवली आहे, तिच्याजवळून बहुतेक लोक तसेच पुढे निघून जातात. ही पाटी एका पाणघड्याळाची आहे. घड्याळ केव्हाच गेले, मजकूर तेवढा उरला: वर लॅटिन, मध्ये ग्रीक, खाली अरबी. रॉजर दुसरा या नॉर्मन राजाने 1142 च्या मार्चमध्ये हे यंत्र करवून घेतले, एवढीच माहिती. पण तिन्ही मजकूर जवळ जाऊन पाहावेत. लॅटिनमध्ये ख्रिस्तजन्मापासूनचे वर्ष आहे. ग्रीकमध्ये जगाच्या उत्पत्तीपासून मोजलेले 6650. अरबीत हिजरी 536. लॅटिन मजकूर कोरड्या सरकारी थाटाचा आहे: महाराज रॉजर यांनी हे काम करण्याची आज्ञा केली. ग्रीक मजकूर काव्यमय आहे. देवाने राजदंड दिलेला बलाढ्य राजा वाहत्या पाण्याला लगाम घालतो आणि बिनचूक वेळ सांगतो, असा त्याचा सूर. अरबी मजकुरात ‘उच्च रॉजरी दरबारा’ची आज्ञा आहे, थेट फातिमी दरबाराच्या वळणाची. हे एकाच मजकुराचे तीन अनुवाद नाहीत. एकच राजा तीन प्रकारच्या प्रजेसमोर, ज्याला जसा राजा ओळखीचा वाटेल तशा थाटात उभा आहे. पुढच्या सगळ्या वास्तू पाहताना ही पाटी डोक्यात ठेवायची.

आता आत. चॅपेलचे काम 1132 च्या सुमारास सुरू झाले, 1140 मध्ये ते विधिवत अर्पण केले गेले आणि घुमटातल्या शिलालेखात 1143 हे वर्ष आहे. पूर्वेकडे, जिथे वेदी आहे तिथे, सगळे बायझंटाइन पद्धतीचे सोनेरी मोझेइक, म्हणजे छोटे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे, आणि ग्रीक अक्षरे. मान वर केली की मधल्या भागावर लाकडी छत दिसते. हे मुकर्नस, म्हणजे लहान-लहान कोनाडे एकावर एक रचून केलेली मधाच्या पोळ्यासारखी रचना. मशिदीत आणि महालात शोभावी अशी ही गोष्ट चर्चच्या छताला आहे. दुर्बीण लावली की कोनाड्याकोनाड्यातली चित्रे उघडतात: मांडी घालून हातात पेला धरलेला राजा, वीणेसारखी वाद्ये वाजवणारे, बुद्धिबळ खेळणारे दोघे, कुस्ती, पाठीवर पालखी असलेला उंट. आठ टोकांच्या चांदण्यांच्या कडेने कूफी या जुन्या अरबी लिपीत शब्दांची रांग आहे: बरकत, सामर्थ्य, विजय, सौख्य. त्यात धर्माचे म्हणावे असे काही नाही. इस्लामी दरबारात ताटांवर, वस्त्रांवर, पेट्यांवर मालकासाठी जी शुभवचने लिहीत तीच ही. मग पाठ फिरवून पश्चिमेची भिंत पाहा. तिथे राजाच्या आसनाचा चौथरा आहे. म्हणजे एकाच दालनात पूर्वेला चर्च आणि पश्चिमेला दरबार. राजा आसनावर बसला की समोर वेदी आणि माथ्यावर सुलतानाला साजेसे छत. धर्म आणि सत्ता यांच्या नात्यावर पुष्कळ व्याख्या वाचूनही जे ध्यानात येत नाही ते इथे दहा मिनिटे उभे राहून येते.

एक सावधगिरी. इथले सगळे मोझेइक 12 व्या शतकातले नाहीत. आसनावरचे मोठे चित्र नंतरचे आहे, आणि खालच्या भागांची पुढच्या शतकांत बरीच डागडुजी झाली आहे. घुमट आणि त्याभोवतीचा भाग आधी नीट पाहावा, वेळ उरला तर बाकीचा. छताचा मोठा जीर्णोद्धार 2008 मध्ये पूर्ण झाला; त्यामुळे आज चित्रे जितकी स्पष्ट दिसतात तितकी जुन्या छायाचित्रांत दिसत नाहीत.

शाही दालनांत ‘रॉजरची खोली’ तेवढी खरी महत्त्वाची. सोनेरी पार्श्वभूमीवर समोरासमोर उभे बिबटे, मोर, ताडाची झाडे, धनुर्धारी. बाकीची बहुतेक दालने नंतरच्या व्हाइसरॉयांच्या काळातली. ती भरभर ओलांडली तरी चालतील.

राजवाड्यातून उतारावरून चालत मार्तोराना या चर्चला जायचे. दुपारी ते मध्येच बंद होते, म्हणून वेळ आधी पाहून ठेवा. पोप आणि राजा यांच्यातल्या भांडणाची सगळी परिभाषा इथल्या एका चित्रात सामावली आहे. त्याआधी प्रसंग समजून घ्या. 1130 मध्ये रोममध्ये एकाच वेळी दोन पोप निवडले गेले. त्यातल्या आनाक्लेतस दुसरा याला पाठिंब्याची गरज होती. त्याने फर्मान काढून रॉजरला राजा केले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पालेर्मोत राज्याभिषेक झाला. पुढे चर्चने आनाक्लेतसला खोटा पोप ठरवले आणि रॉजरचा मुकुट वादात सापडला. दोघांतला उरलेला पोप इनोसंट दुसरा याने 1139 मध्ये रॉजरला एक्सकम्युनिकेट केले, म्हणजे धर्मबाह्य ठरवले. हा शब्द वाचताना फक्त प्रार्थनेची बंदी एवढेच डोळ्यांसमोर आणू नका. धर्मबाह्य राजाला दिलेली निष्ठेची शपथ पाळायलाच हवी असे सरदारांवर बंधन उरत नसे. खरा घाव तिथे होता. मग पोप स्वतः सैन्य घेऊन आला आणि जुलै 1139 मध्ये गाल्लुच्चोजवळ रॉजरच्या मुलाने त्याला पकडले. तीनच दिवसांनी पोपने रॉजरला राजा म्हणून मान्यता दिली. रॉजरने राज्य पोपकडून फीफ म्हणून, म्हणजे निष्ठेच्या शपथेवर मिळालेला मुलूख म्हणून घेतल्याचे मान्य केले आणि वर्षाला 600 शिफाती, म्हणजे तेवढी सोन्याची नाणी, द्यायचे ठरले. पकडलेला पोप स्वामी आणि पकडणारा राजा त्याचा व्हॅसल, म्हणजे शपथेने बांधलेला मांडलिक! विरोधाभास वाटतो, पण दोघांचेही काम झाले: पोपचा हक्क कागदावर राहिला आणि राजाला कोणी नाकारू न शकणारा मुकुट मिळाला.

आता मार्तोरानातले चित्र पाहा. रॉजर बायझंटाइन सम्राटाच्या वेषात उभा आहे, मान झुकलेली, हात पुढे केलेले. ख्रिस्त स्वतः त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतो आहे. चित्रात पोप नाही, बिशप नाही, कोणी मध्यस्थच नाही. वर ग्रीक अक्षरे आहेत, ‘रोगेरिओस रिक्स’: लिपी ग्रीक, पदवी मात्र लॅटिनमधली ‘रेक्स’. ग्रीकमधली ‘बासिलेउस’ ही पदवी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाची. ती घेतली असती तर तो उघड दावा ठरला असता. राजाचा चेहरा आणि ख्रिस्ताचा चेहरा एकमेकांसारखे काढले आहेत, हेही पाहून घ्या. करारात पोपचा व्हॅसल असलेला राजा आपल्या राजधानीत स्वतःला असा दाखवत होता. इन्व्हेस्टिचरचा वाद, म्हणजे बिशपला पदाची अंगठी आणि दंड राजाने द्यायचा की पोपने, जर्मनीत 1122 च्या वर्म्सच्या तहाने थोडाफार मिटला. सिसिलीत तो वेगळ्याच वाटेने गेला होता. पोप अर्बन दुसरा याने 1098 मध्ये रॉजरच्या वडिलांना पोपच्या प्रतिनिधीचे अधिकार दिले होते आणि त्यांच्या वारसांनी ते बराच काळ हातचे सोडले नाहीत. त्यामुळे इथले चर्च बऱ्याच अंशी राजाच्या मुठीत राहिले.

हे चर्च बांधले अँटिऑकच्या जॉर्जने, 1143 च्या सुमारास. दुसऱ्या मोझेइकमध्ये तो मेरीच्या पायाशी ओणवा झालेला दिसतो. त्याचे शरीर नंतरच्या दुरुस्तीत फार बेढब झाले आहे. चेहरा आणि हात तेवढे पाहावेत. जॉर्ज हा ग्रीक ख्रिश्चन, अरबीत वाकबगार, आधी ट्युनिशियातल्या महदियाच्या झिरी घराण्याच्या नोकरीत आणि मग रॉजरच्या. त्याची पदवी ‘अमीरांचा अमीर’, अरबीत अमीर अल-उमरा. खलिफांच्या राज्यात अमीर म्हणजे सेनापती किंवा प्रांताचा अधिकारी, आणि ही पदवी बगदादमध्ये सर्वोच्च सेनाधिकाऱ्याला मिळे. सिसिलीत ती कारभाराच्या मुख्य मंत्र्याची झाली. जॉर्ज आरमारही चालवायचा, त्यामुळे रॉजरच्या घराण्याच्या पदरी ती समुद्राशी जोडली गेली. युरोपातले अॅडमिरल त्याच वाटेने आले. 1148 मध्ये त्याने महदिया जिंकले, म्हणजे आपल्या जुन्या धन्याचीच राजधानी. घुमटाच्या बुडाशी एक लाकडी पट्टी आहे, तिच्यावर ग्रीक प्रार्थना अरबीत रंगवलेली आहे. अरबी अक्षरे म्हणजे इस्लाम हे समीकरण इथेच सोडून द्यायचे. आजही या चर्चमध्ये ग्रीक विधीने पूजा होते, तरी ते रोमच्या पोपला मानणाऱ्या अर्बेरेश, म्हणजे मूळच्या अल्बेनियन, समाजाच्या धर्मप्रांतात आहे.

शेजारच्या सान काताल्दोचे तीन लाल घुमट पालेर्मोच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतात. घुमट जुने आहेत, लाल रंग 19 व्या शतकातल्या दुरुस्तीचा. आत फारसे काही नाही, वेळ कमी असेल तर बाहेरूनच पाहा.

कॅथेड्रलमध्ये दोनच गोष्टींसाठी थांबायचे. दक्षिणेच्या मंडपात एका खांबावर कुराणातली आयत कोरलेली आहे. खांब आधीच्या कुठल्या तरी इमारतीतून आणलेला. आणि आत जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या शवपेट्या. हा दगड रोमन आणि बायझंटाइन सम्राटांचा मान, तो सिसिलीच्या राजांनी घेतला. त्यातली एक रॉजरचा नातू, सम्राट फ्रेडरिक दुसरा याची. ज्यांना क्रूसेड, ख्रिश्चनांचे ते धर्मयुद्ध, म्हणजे निव्वळ श्रद्धेचा उमाळा वाटतो त्यांनी या पेटीजवळ थोडा वेळ काढावा. फ्रेडरिकने क्रूसेडची शपथ घेतली आणि निघायला उशीर केला म्हणून पोपने 1227 मध्ये त्याला धर्मबाह्य केले. तो तसाच गेला आणि 1229 मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून लढाई न करता जेरुसलेम मिळवून आला. पोपला ते मुळीच रुचले नाही. धर्मबाह्य माणसाने तहाने मिळवलेले जेरुसलेम क्रूसेडच्या चौकटीत बसत नव्हते.

दुसरा दिवस मॉनरेआलेसाठी. शहरापासून सात-आठ किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. बस जाते, पण सकाळी गर्दी असते. रॉजरचा नातू विल्यम दुसरा याने 1170 च्या दशकात हे चर्च आणि मठ उभारला. सहा हजार चौरस मीटरहून अधिक मोझेइक, अंगणाभोवती दोनशेहून अधिक नक्षीदार खांब. सगळे जण तेच पाहतात आणि तेच सांगतात. तुम्ही आधी दोन सिंहासने शोधा. राजाच्या आसनावर ख्रिस्त विल्यमला मुकुट घालतो आहे. आर्चबिशपच्या आसनावर विल्यम हे चर्च मेरीला अर्पण करतो आहे. एकाकडे सत्ता वरून येते, दुसऱ्याकडे संपत्ती राजाकडून. वेदीमागच्या अर्धवर्तुळात संतांच्या रांगेत टॉमस बेकेट आहे, इंग्लंडचा आर्चबिशप. चर्चच्या हक्कांवरून राजा हेन्री दुसरा याच्याशी त्याचे बिनसले आणि 1170 मध्ये राजाच्या सरदारांनी त्याला कॅंटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच मारले. विल्यमची राणी जोन ही याच हेन्रीची मुलगी. सासऱ्याच्या माणसांनी मारलेला संत जावयाने बांधलेल्या चर्चमध्ये असा मानाने उभा आहे.

पण मॉनरेआलेचे खरे वजन भिंतीवर नाही, कागदात आहे, आणि ते कागद चर्चमध्ये दिसत नाहीत. म्हणून ही माहिती घेऊनच जावे. विल्यमने या मठाला पश्चिम सिसिलीतला प्रचंड मुलूख दिला, त्यावरच्या माणसांसकट. 1178, 1182 आणि 1183 च्या दस्तऐवजांत या देणगीच्या सीमा आणि कुटुंबप्रमुखांची नावे अरबीत आहेत, सोबत लॅटिन किंवा ग्रीक. अशा यादीला जरीदा म्हणत. जरीदेत नाव असलेला मुसलमान शेतकरी गाव सोडून जाऊ शकत नसे. तो आणि त्याची मुले जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जात. लॅटिनमध्ये त्याला विलानस म्हटले आहे, म्हणजे युरोपातला व्हिलीन, भूदास. तो गुलाम नव्हता, त्याचे घर आणि औते त्याची होती, पण मोकळाही नव्हता. आणि त्याच्याकडून घेतल्या जाणाऱ्या वार्षिक कराचे नाव काही दस्तऐवजांत जिझिया असेच येते. इस्लामी राज्यात जिझिया बिगरमुसलमान प्रजा भरते. संरक्षण आणि आपला धर्म पाळण्याची मुभा यांच्या बदल्यात. इथे चाक उलटे फिरले: ख्रिश्चन राजा, मुसलमान करदाते, कराचे नाव तेच. वसुली आणि नोंदी राजाचे दिवाण पाहत असे. दिवाण म्हणजे दप्तराचे खाते, त्याचे अरबी लेखक आणि त्यांची अरबी मुद्रा. जिंकणाऱ्याला कर हवा होता आणि कोणाकडून किती घ्यायचा हे ज्या वह्यांत होते त्या अरबीत होत्या.

फीफ या शब्दाबद्दल मराठी वाचकाचा हमखास एक घोटाळा होतो. आपण त्याला सरंजाम म्हणून मोकळे होतो. सरंजाम फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला महसूल, आणि तत्त्वतः सरकार तो काढून घेऊ शकत असे, मग व्यवहारात तो पिढ्यान्‌पिढ्या चालो. या अर्थाने तो इस्लामी जगातल्या इक्ताच्या जवळचा. फीफच्या मागे दोन माणसांमधली शपथ असते: व्हॅसल आपले जोडलेले हात स्वामीच्या हातांत देतो, स्वामी त्याला संरक्षण आणि जमीन देतो. वारसा, जमिनीवरचा न्याय, मुलीचे लग्न, सगळे त्या नात्यात गुंतलेले. आणि सैन्यसेवा मोजलेली असते. नॉर्मन राजांनी मुख्य भूमीवरच्या बॅरनांची अशी मोजदाद करवून घेतली होती, कोणाच्या फीफवर किती स्वार लागू आहेत याची. तिची मुख्य प्रत नेपल्सच्या दफ्तरखान्याबरोबर 1943 च्या युद्धात जळाली. छापील आवृत्तीमुळे मजकूर वाचला.

शेवटी ला झिझा. शहराच्या पश्चिमेला, नेहमीच्या वाटेपासून बाजूला, म्हणून तिथे गर्दी नसते. रॉजरचा मुलगा विल्यम पहिला याने सुरू केलेला आणि त्याच्या मुलाने पुरा केलेला हा महाल; नाव अरबीतल्या ‘अल-अझीझा’वरून. खालच्या दालनात मुकर्नसचा कोनाडा आहे, त्याखालून पाण्याचा झोत उतरत्या दगडी पाटावरून खेळत मध्यभागी जात असे. आता या महालात इस्लामी कलेचे संग्रहालय आहे, आणि या सगळ्या फेऱ्यात एकच वस्तू पाहता येणार असेल तर ती इथलीच पाहावी.

ती आहे एका स्मारकाची संगमरवरी पाटी. ग्रिसांदुस नावाच्या राजाच्या पाद्र्याची आई अन्ना 20 ऑगस्ट 1148 ला वारली. पुढच्या मे महिन्यात त्याने तिचे अवशेष आपल्या चॅपेलमध्ये हलवले आणि ही पाटी लावली. मध्ये क्रॉस. डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी, आणि वर पुन्हा अरबीच पण हिब्रू लिपीत. चार मजकूर, चार कालगणना. खालच्या अरबी मजकुराजवळ वाका. त्यात रॉजरला इटली, सिसिली, आफ्रिका यांचा राजा म्हटले आहे, आणि पुढे म्हटले आहे, ‘रोमच्या इमामाचे बळ वाढवणारा, ख्रिस्ती धर्माचा साहाय्यक’. रोमचा इमाम म्हणजे पोप. खलिफांच्या पदव्यांचा साचा जसाच्या तसा, आशय ख्रिश्चन. अरबी वाचणाऱ्याला पोप कोण हे समजावे यासाठी याहून थोडक्यात काही लिहिता आले नसते. इथे किमान अर्धा तास ठेवा.

आता कापलेला अर्धा गुण. पहिले कारण, या काळातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू पालेर्मोत नाहीच. उंटावर झेपावणारे सिंह भरतकामात असलेला रॉजरचा तांबडा झगा, काठाला अरबी ओळ आणि हिजरी 528 हे वर्ष, हा व्हिएन्नाच्या शाही खजिन्यात आहे. तो पालेर्मोच्या राजवाड्यातल्या कारखान्यात तयार झाला, पण इथे बघायला मिळतात फक्त त्याची चित्रे.

दुसरे कारण अधिक गंभीर. माहितीपत्रकांपासून वाटाड्यांपर्यंत सगळीकडे ‘तीन संस्कृतींचा सुखी संसार’ हे पालुपद चालते. ते अर्धेच खरे आहे. 1184 च्या नाताळात अंदलूसचा, म्हणजे मुसलमानी स्पेनचा, यात्रेकरू इब्न जुबैर इथे होता. विल्यमला अरबी लिहिता-वाचता येते, पालेर्मोत मुसलमानांचा वेगळा काझी आहे, ख्रिश्चन बायका सणाला मुसलमान बायकांसारखा पेहराव करतात, हे त्याने कौतुकाने लिहिले. पण राजवाड्यातले सेवक वरून ख्रिश्चन आणि मनातून मुसलमान आहेत, आणि साध्या मुसलमानांवर वर्षातून दोनदा खंडणी आहे, हेही त्यानेच लिहिले. 1161 मध्ये पालेर्मोत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. 1189 मध्ये विल्यम वारला आणि पुन्हा दंगे उसळले. लोक डोंगरांत पळाले, त्यात मॉनरेआलेच्या मुलखातलेही होते. त्यांची बंडे मोडून फ्रेडरिकने 1220 च्या दशकापासून त्यांना मुख्य भूमीवर लुचेराला हलवले, आणि 1300 मध्ये ती वस्तीही मोडून लोकांना विकण्यात आले. ज्या राजांच्या छतावर अरबीत ‘बरकत’ लिहिले होते त्यांच्याच वारसांच्या काळात सिसिलीतून अरबी बोलणारे मुसलमान संपले. चॅपेलचे सौंदर्य त्यामुळे कमी होत नाही, पण हा भाग न सांगता फेरा पुरा झाला असे कोणी म्हणत असेल तर ते मानू नका.

कोणी जाऊ नये? रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसच्या ठरावीक सहलीत अर्धा दिवस घुसवायचा विचार असेल तर नको. रोमहून विमान तासाभराचे असले तरी विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे आणि त्या धावपळीत शाही दालने बंद मिळण्याचीच शक्यता जास्त. लहान मुले सोबत असतील तर पहिल्या दिवशी राजवाडा आणि मार्तोराना एवढेच ठेवा आणि कॅथेड्रल झिझाच्या दिवशी घ्या. शक्यतो शुक्रवार-शनिवार किंवा शनिवार-सोमवार अशी जोडी धरा आणि मधल्या रविवारी दुपारी समुद्रावर जा. झिझाच्या वेळा अधूनमधून बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा एकदा तपासून घ्या.